विजयदुर्गातला सहा वर्षांचा मुलगा

२०२५च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार दर्यावरचे. सुवर्णदुर्ग आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात, हर्णैच्या समोर. विजयदुर्गही १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघेपर्यंत आमच्याच जिल्ह्यात होता. आता शाळांच्या सहली तिकडे वळतील, हे ओघानंच आलं. प्रश्न साधा आहे. सहलीला निघालेल्या सहावी-सातवीतल्या मुलाला, जायच्या आधी वाच म्हणून, कोणती कादंबरी द्यायची? चरित्र नको, माहितीची पुस्तिकाही नको. गोष्ट हवी. त्या तटावर कुणीतरी घाबरलं, चुकलं आणि तरीही टिकून राहिलं, अशी.

मराठीत मुलांसाठी इतिहास लिहायला सुरुवात होऊन शतक उलटून गेलं. वासुदेव गोविंद आपट्यांचं ‘आनंद’ मासिक १९०६ सालचं. त्यानंतर मासिकं आली, गेली, माला निघाल्या, ‘किशोर’ १९७१पासून चालू आहे. एवढी पुंजी गाठीशी असताना वरच्या प्रश्नाचं उत्तर देताना अडखळायला होतं, याचं मला अधिक वाईट वाटतं. कारण इंग्रजीत या प्रश्नाचं उत्तर फार पूर्वीपासून तयार आहे, आणि ते आपल्या तोंडावर मारल्यासारखं आहे.

जी. ए. हेंटी हा व्हिक्टोरियन काळातला मुलांचा लाडका लेखक. साम्राज्याच्या प्रत्येक लढाईवर एक कादंबरी, प्रत्येक कादंबरीत पंधरा-सोळा वर्षांचा एक हुशार, सत्यवचनी, घोड्यावर पक्की मांड असलेला इंग्रज पोरगा, असा त्याचा कारखाना होता. १८८४ सालच्या ‘विथ क्लाइव्ह इन इंडिया’ या कादंबरीतला चार्ली मॅरियट आपल्या किनाऱ्यावर येतो. सुवर्णदुर्ग आणि घेरिया, म्हणजे आपला विजयदुर्ग, ही त्या पुस्तकात चाच्यांची बिळं आहेत. १९०६ साली हर्बर्ट स्ट्रँग या टोपणनावानं दोघांनी मिळून लिहिलेल्या ‘इन क्लाइव्ह्ज कमांड’मध्ये डेस्मंड बर्क हा पोरगा घेरियात आंग्र्यांचा कैदी असतो आणि तिथून निसटतो. हेंटीनं पुढे दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धावरही एक कादंबरी लिहिली. तिच्यातला हॅरी लिंडसे तर एका मराठी दाईच्या हाताखालीच वाढतो, मराठी बोलतो, आणि वयात आल्यावर इंग्रजांच्या बाजूनं उभा राहतो.

या पुस्तकांची विचारसरणी आज कुणाला पटणार नाही. आंग्र्यांना चाचे म्हणताना कंपनीची स्वतःची वसुली काय होती हे हेंटी विचारत नाही. एतद्देशीय माणूस त्याच्या पानांवर एकतर इमानी नोकर असतो किंवा कपटी सरदार. पण कारागीर म्हणून त्याच्याकडे एक गोष्ट होती आणि ती नाकारून चालणार नाही. गोष्टीच्या मध्यभागी तो मुलाला ठेवतो. किल्ल्यातून निसटायची युक्ती मुलालाच सुचते, दोर मुलगाच वळतो, भूक मुलालाच लागते. सेनापती लांब कुठेतरी असतात. वाचणाऱ्या मुलाला त्या किल्ल्यात शिरायला दार मिळतं. आपल्या किल्ल्यांत शिरायचं दार परक्यानं बांधलं, ही खरी टोचणी.

आता घेरियाच्या या गोष्टींमागे, १७५५-५६ या दोन वर्षांत, खरोखर काय झालं ते पाहू. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हता. नानासाहेब पेशव्यांनी मुंबईच्या इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५च्या एप्रिलमध्ये कमोडोर विल्यम जेम्सनं ‘प्रोटेक्टर’ जहाजावरून तोफा डागून सुवर्णदुर्ग पाडाव केला. पुढच्या वर्षी, फेब्रुवारीत, ॲडमिरल वॉटसनचं आरमार आणि त्याच्याबरोबर रॉबर्ट क्लाइव्ह विजयदुर्गासमोर आले. पेशव्यांचे रामाजी महादेव जमिनीच्या बाजूनं होते आणि तुळाजी त्यांच्या छावणीत बोलणी करत होता. तोफांचा एक पेटता गोळा ‘रिस्टोरेशन’ नावाच्या जहाजावर पडला. हे जहाज आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच पकडून आणलेलं होतं. आग एका गुराबेवरून दुसरीवर गेली आणि कान्होजींपासून उभं केलेलं आरमार संध्याकाळच्या आत जळालं. पेशव्यांच्या हाती किल्ला जाण्याआधी इंग्रजांनी तो घेतला, खजिना वाटून टाकला, आणि महिनोन् महिने वाद घातल्यावर बाणकोट आपल्याकडे ठेवून विजयदुर्ग पेशव्यांना दिला. तुळाजी मरेपर्यंत पेशव्यांच्या कैदेत राहिला. बाणकोटला इंग्रजांनी फोर्ट व्हिक्टोरिया म्हटलं. राणी व्हिक्टोरिया जन्मायला तेव्हा साठ वर्षांहून जास्त अवकाश होता.

तिकडे लंडनमध्ये कमोडोर जेम्सच्या विधवेनं १७८४ साली नवऱ्याच्या आठवणीसाठी एक त्रिकोणी मनोरा बांधला. सेव्हर्नड्रूग कॅसल. म्हणजे सुवर्णदुर्ग. तो अजून उभा आहे, लोक वर चढून शहर बघतात. हर्णैच्या सुवर्णदुर्गाची आठवण कुणी दगडात आणि गोष्टीत जपली असेल तर ती तिथे.

या मोहिमेत वॉटसनच्या जहाजावर एडवर्ड आइव्ह्ज नावाचा शल्यवैद्य होता. त्यानं १७७३ साली प्रवासवृत्त छापलं. त्यात एक प्रसंग आहे. किल्ला पडल्यावर वॉटसन तुळाजीच्या कुटुंबाला भेटायला गेला. तुळाजीची म्हातारी आई, बायका, मुलं. आईनं सांगितलं की आता रयतेला राजा नाही, मला मुलगा नाही, लेकरांना बाप नाही. वॉटसन म्हणाला, मला बाप समजा. तेव्हा सहा वर्षांचा एक मुलगा पुढे झाला, ॲडमिरलचा हात त्यानं धरला आणि हुंदके देत म्हणाला की मग तुम्हीच माझे बाबा. ॲडमिरलच्या डोळ्यांत पाणी आलं, असं आइव्ह्ज लिहितो.

हे वर्णन जसंच्या तसं खरं मानायची गरज नाही. विजेत्याचा दिलदारपणा दाखवायला असे प्रसंग त्या काळच्या प्रवासवृत्तांत नेहमी लागत. बोलणं दुभाष्यामार्फत झालं असणार. मुलाच्या तोंडची वाक्यं नेमकी कुणाची, कोण सांगणार. पण मूल होतं. आदल्या दिवशी त्यानं तटावरून आरमार जळताना पाहिलं असणार. दारूगोळ्याचा वास, वाघोटनच्या खाडीवर पसरलेला धूर, आणि बाप परत का येत नाही याचं उत्तर न देणारी मोठी माणसं. ज्यानं हे केलं त्याचाच हात हे मूल धरतं, कारण घरातल्या बायकांकडे आता दुसरा कुणी उभा राहणार नाही हे त्याला कळलेलं आहे. भीतीतून आलेलं शहाणपण आहे ते. त्याला शौर्य म्हणायचं का? मी म्हणेन. निदान ज्या कादंबरीकाराला हा प्रश्न पडला असता, त्याला पुस्तक मिळालं असतं.

मग आपल्याकडे ते का झालं नाही? आळस हे एक कारण झालं, पण मुळातलं कारण असं की आपल्या मुलांच्या ऐतिहासिक गोष्टींना शत्रू सोपा लागतो. अफजलखान, शाइस्ताखान, सिद्दी जौहर: समोर कोण, बाजू कोणती, हे पहिल्याच पानावर ठरलेलं. म्हणून मुलांचा इतिहास १६३०ला सुरू होतो आणि १६८०ला, फार तर १६८९ला, संपतो; तोही बराचसा घाटमाथ्यावर. किनाऱ्यावरचा इतिहास असा नीट बसत नाही. तिथे इंग्रज आधी मिरी आणि कापड घ्यायला येतो, मग तोफा विकतो, मग तोफा डागतो. तिथे पेशवा इंग्रजांच्या बाजूनं उभा असतो आणि मराठी आरमार मराठी सत्तेच्या संमतीनं जळतं. ही गोष्ट सांगायची तर मुलांना हे सांगावं लागेल की मोठी माणसं, आपली माणसं, घातकी चुका करतात. लेखकाला ते जमेल, पण खरेदी करणाऱ्या मोठ्यांना ते रुचेल का, ही प्रकाशकाची धास्ती. मुलांची ऐतिहासिक पुस्तकं मुलं विकत घेत नाहीत. शाळेचं ग्रंथालय घेतं, बक्षीस समारंभ घेतो, वाढदिवसाला मामा घेतो. या तिघांनाही वाद नको असतो.

दुसरं कारण भाषेत आहे. आपल्या मुलांच्या ऐतिहासिक गोष्टींचं गद्य वाचायला लिहिलेलं नाही, म्हणायला लिहिलेलं आहे. १९ फेब्रुवारीच्या सभेत चौथीतलं मूल जे भाषण पाठ करून म्हणतं, त्याचं विस्तारित रूप म्हणजे आपली पुष्कळशी बालकादंबरी. डोळ्यांतून अंगार, धमन्यांतून सळसळतं रक्त, ओठांवर एकच गर्जना. पोवाड्याला हे शोभतं, कारण शाहिराला डफाची साथ असते आणि समोर गर्दी असते. एकट्यानं, रात्री, पांघरुणात वाचणाऱ्या मुलाला या वाक्यांत हात घालायला जागा सापडत नाही. कुणी घाबरत नाही. कुणी विसरत नाही. कुणाला जुलाब होत नाहीत. मावळा नावाचा एक सामुदायिक प्राणी असतो, तो हसत हसत मरतो आणि पुढच्या प्रकरणात पुन्हा हजर असतो.

भीतीशिवाय शौर्य दिसत नाही, हे कोकणातल्याच एका पुस्तकानं मराठी मुलांना फार पूर्वी दाखवलं होतं. साने गुरुजी दापोली तालुक्यातल्या पालगडचे. ‘श्यामची आई’त श्याम पोहायला शिकायचं टाळतो, लपून बसतो, आई त्याला मारत बाहेर काढते, शेवटी तो विहिरीत उतरतो. एवढाच प्रसंग. तलवार नाही, गर्जना नाही. पण हे प्रकरण वाचून पोटात गोळा न आलेलं मूल मी पाहिलेलं नाही. गुरुजींनी हे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, म्हणजे लेखक स्वतः साम्राज्याचा कैदी होता, आणि तरी त्यांना शौर्य सापडलं ते एका भित्र्या पोराच्या पहिल्या उडीत. आपली ऐतिहासिक बालकादंबरी या विहिरीकडे परत गेलीच नाही.

अगदीच वाळवंट आहे असं मात्र नाही. नाथमाधवांनी ‘सावळ्या तांडेल’ लिहिली. तांडेलाला, गलबतावरच्या माणसाला, शीर्षकात बसवणारी ही कादंबरी मुलांसाठी नव्हती, पण कुमारवयात ती वाचलेल्या दोन-तीन पिढ्या तरी असतील. नाथमाधव शिकारीच्या नादात सिंहगडावरून कोसळले आणि पायांनी अधू झाले. दर्या आणि डोंगर त्यांनी पुढे बसल्या जागेवरून लिहिले. गो. नी. दांडेकरांच्या शिवकालीन कादंबऱ्यांत ‘दर्याभवानी’ आहे. गोनीदांना माणसाची बोली कानानं पकडता यायची, म्हणून त्यांच्या पुस्तकांतली साधी माणसं सरदारांपेक्षा जास्त लक्षात राहतात. मनोहर माळगावकरांच्या इंग्रजी ‘कान्होजी आंग्रे’चा मराठी अनुवाद पु. ल. देशपांड्यांनी केला, ते चरित्र आहे आणि मोठ्यांचं आहे, तरी आंग्र्यांच्या दर्यावर मराठी वाचकाला नेणारं ते अजून सगळ्यात सुखाचं पुस्तक आहे.

आणि मग एक नाव येतं जे मराठी वाचकाला अनपेक्षित वाटेल. शरदिंदु बंद्योपाध्याय, ब्योमकेश बक्षीचे जनक, १९५२पासून पुण्यात राहत होते. त्यांनी बंगाली मुलांसाठी ‘सदाशिब’ नावाच्या एका मराठी पोराच्या गोष्टी लिहिल्या. अनाथ, पोटभर न मिळालेलं, गावातून बाहेर पडलेलं हे पोर शिवाजी महाराजांच्या माणसांत जाऊन पोचतं आणि निरोप्या म्हणून, हेर म्हणून उपयोगी पडतं. महाराज त्या गोष्टींत आहेत, पण कडेला. मधे सदाशिब आहे, त्याची भूक आणि त्याचा घोडा आहे. बंगालमध्ये या गोष्टींची पुढे चित्रकथाही झाली. आमच्या महाराजांच्या सैन्यातला सगळ्यात जिवंत मुलगा कलकत्त्याच्या मुलांना भेटला, ही गोष्ट प्रत्येक मराठी बालसाहित्य संमेलनात एकदा तरी मोठ्यानं वाचून दाखवायला हवी.

इंग्रजांकडेही हेंटीवरच गाडी थांबली नाही. रोझमेरी सटक्लिफची ‘द ईगल ऑफ द नाइन्थ’ १९५४ सालची. रोमन साम्राज्याची उत्तर ब्रिटनमधली सरहद्द, पायानं लंगडा झालेला रोमन तरुण मार्कस, आणि त्याचा गुलाम, जिंकलेल्या जमातीतला एस्का. हेंटीची तीच सरहद्द, पण आता जिंकणारा आणि जिंकला गेलेला एकाच शेकोटीशी बसतात, आणि दोघांपैकी कुणाचं खरं हे पुस्तक सांगत नाही. सटक्लिफ लहानपणापासून आजारानं अपंग होती, चाकांच्या खुर्चीत बसून तिनं हे सगळे डोंगर ओलांडले. नाथमाधवांची आठवण येते. फरक असा की तिच्यामागे मुलांच्या पुस्तकाला कादंबरी मानणारे संपादक होते.

आपल्याकडे अलीकडे मुलांसाठी चांगलं लिहिलं जात नाही, असं मी म्हणणार नाही. साहित्य अकादमीच्या बालसाहित्य पुरस्काराची अलीकडची काही मराठी नावं घ्या: ‘जंगल खजिन्याचा शोध’, ‘पियूची वही’, ‘समशेर आणि भूतबंगला’. जंगल, रोजनिशी, रहस्य. आजच्या मुलाचं बोलणं या लेखकांना येतं. चांगला लेखक मात्र इतिहासाकडे फिरकत नाही आणि इतिहासाकडे फिरकणाऱ्याला मूल दिसत नाही, अशी विभागणी झाली आहे. ती जागा सिनेमानं घेतली. ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’, ‘शेर शिवराज’ या चित्रपटांनी गेल्या काही वर्षांत मुलांच्या डोक्यातला शिवकाल रंगवला, आणि तोही डोंगरी आहे. दिवाळीत अंगणात मुलं जो किल्ला करतात तो पाहा. रत्नागिरीतसुद्धा मातीचा ढीग, वर बुरूज, खाली हळीव पेरलेलं. समुद्र दाखवायची वेळ आलीच तर एक परात पाणी.

याचा तोटा कोणाला? मिरकरवाड्याच्या, हर्णैच्या, जयगडच्या वर्गांत बसलेल्या मुलांना. कोळी, भंडारी, गाबीत, खारवी, दालदी: दर्यावरची लढाई ज्यांनी केली त्यांची ही पोरं. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, मायनाक भंडारी होता. १६७९ साली खांदेरीवर तटबंदी चालू असताना इंग्रजांच्या जहाजांची नाकेबंदी चुकवून रात्री लहान लहान होड्या बेटावर सामान पोचवत होत्या. इंग्रजांना त्यांचा पाठलाग जमेना; उथळ पाण्यात त्या वल्ह्यांवर निसटून जात. इंग्रजांच्याच पत्रांत हा वैताग आहे. अशा एका होडीत बारा वर्षांचं एक पोर बसवा, काळोखात पाणी उपसायचं काम त्याला द्या, आणि ओहोटी चुकली तर काय होईल हे त्याला माहीत असू द्या. इथे कुणाला भाषण करायला वेळच नाही.

राजापूरची वखार तर याहून सोपी, कारण ती जमिनीवर आहे आणि तिचे कागद भरपूर आहेत. सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्रज तिथे आले. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात वखारवाला हेन्री रेव्हिंग्टन आपल्या तोफा घेऊन सिद्दी जौहरच्या मदतीला गेला आणि इंग्रजी निशाण लावून त्यानं मारा केला. पुढच्या वर्षी महाराज राजापुरात उतरले, वखार खणली, रेव्हिंग्टन आणि त्याचे सोबती कैदेत गेले. वखारीत ओझी वाहणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या, हिशेबाच्या खोलीबाहेर बसणाऱ्या पोरांनी हे दोन्ही टप्पे पाहिले असतील. काल ज्याच्या हातून पैसे मिळत होते तो आज दोरीनं बांधलेला दिसतो. बाजू कोणती घ्यायची हा प्रश्न इथे मुलाला खरोखर पडू शकतो, आणि तो सोडवायला मावळ्यांची गर्जना उपयोगी नाही.

इतिहास तलवारीपाशीच संपतो असंही नाही. १८८६ साली ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा आपल्या कुटुंबासह रत्नागिरीत आणून ठेवला गेला. त्याच्या चार मुली याच गावात लहानाच्या मोठ्या झाल्या. अमिताव घोषांच्या ‘द ग्लास पॅलेस’नं हे मोठ्यांच्या इंग्रजी कादंबरीत आणलं. राजवाड्यात कैद असलेल्या राजकन्येची आणि वाड्याच्या भिंतीवर चढून आंबे पाडणाऱ्या रत्नागिरीच्या पोरीची गाठ पडली तर काय होईल, हे मराठीत लिहायला कुणाची आडकाठी होती?

लिहिणाऱ्याला एक अडचण मात्र खरीखुरी येईल, आणि ती भाषेची. दरबारी मराठीत, ‘आज्ञा महाराज’च्या मराठीत, हर्णैचं पोर बोलणार नाही. त्याला त्याची बोली द्यावी लागेल, आणि डोलकाठी, नाळ, शीड, सुकाणू, उधाण, मतलई वारा हे शब्द तळटीप न देता वाक्यात असे ठेवावे लागतील की पुण्या-नागपूरच्या मुलाला ते प्रसंगावरून कळावेत. संपादक म्हणतील, मुलांना जड जाईल. हीच मुलं हॅरी पॉटरमधले मंत्र न अडखळता म्हणतात. गोनीदांनी मावळची बोली छापली तेव्हा कुणाला शब्दकोश लागला नव्हता. ज्यांना हे लिहायचं आहे त्यांनी आधी चार संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर, मासळीचा लिलाव चालू असताना, वही न काढता उभं राहावं. आणि प्रकाशकानं त्यांच्याकडे अठ्ठेचाळीस पानांचं चरित्र न मागता दोनशे पानांची कादंबरी मागावी.